तास भरले, वाचले कुणी?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला आणि देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यातली एक अशी: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. शंभराच्या या उंबरठ्यातून मुंबईच्या विक्रोळीतली कुठली शाळा सुटणार? टागोरनगर, कन्नमवारनगर, पार्कसाइट, कुठेही जा, दोन-तीन वर्गांतच शंभरी भरते. म्हणजे एकट्या विक्रोळीला एका झटक्यात डझनावारी समुपदेशक लागणार, घाटकोपर-भांडुपलाही तेवढेच, आणि मुंबईभरचा हिशेब तर विचारूच नका. एवढी माणसं आणायची कुठून, या प्रश्नाला जे उत्तर सर्रास दिलं जातं त्याच्याशी माझं भांडण आहे. ते उत्तर असं: समुपदेशनाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांवर लादलेले फील्डवर्कचे शेकडो तास आणि त्यावरची सुपरव्हिजन ही चैन आता परवडणार नाही. अभ्यासक्रम आखूड करा, तासांची अट सैल करा, शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रवाल्यांनाही खुर्ची द्या. काम करता करता शिकतील.

असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के माणसं उपचारापर्यंत पोचतच नाहीत. इतकी तहान असताना पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं यावर घोळ घालणं त्यांना क्रूर वाटतं. दुसरं, समुपदेशन म्हणजे शेवटी मनापासून ऐकून घेणं. चाळीत, वाडीत एखादी मावशी, एखादे मास्तर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेच आहेत. तिसरा मुद्दा सगळ्यात टोकदार. फील्डवर्क म्हणून जे चालतं त्यात बरंचसं नाटक असतं, असं ते म्हणतात. विद्यार्थी शाळेत जातो, दोन पोस्टरं रंगवतो, सातवी ब समोर ‘ताणतणावाचं व्यवस्थापन’ या विषयावर चाळीस मिनिटं बोलतो, लॉगबुकात चार तास मांडतो आणि सही घेतो. वर्षअखेर तास भरतात. या तिसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि तिथूनच आमच्या वाटा फुटतात. तासांत खोट असेल तर खोट काढायची, तास कशाला काढायचे? शिवाय खोट नेमकी कुठे आहे हेही नीट पाहायला हवं. माझं म्हणणं असं की विद्यार्थ्याचं कौशल्य क्लायंटसमोर बसलेल्या तासात थोडंच घडतं; तोच तास तो नंतर एका जाणत्या माणसासमोर ओळ न ओळ उलगडून ठेवतो तेव्हा खरं घडतं. लॉगबुकात पहिला तास मोजला जातो. दुसऱ्याचा रकाना कित्येकदा नसतोच.

उलगडून ठेवणं म्हणजे काय, ते जवळून पाहू. समजा, कन्नमवारनगरातल्या एका मराठी शाळेत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आठवड्यातले दोन दिवस बसते. स्टाफरूमशेजारची प्रयोगशाळेचं सामान ठेवायची खोली तिला मिळाली आहे. खिडकीत चंचुपात्रं, दाराला कडी नाही. नववीतल्या एका मुलाची आई वर्गशिक्षिकेने पाठवली म्हणून आली आहे. त्या पाऊण तासाचं व्हर्बेटिम, म्हणजे आठवेल तसं शब्दशः लिहिलेलं संभाषण, विद्यार्थिनी घेऊन येते. त्यातल्या चार ओळी अशा. आई: “तसं काही नाही हो मॅडम, पोरगं घरात बोलतच नाही, एवढंच.” विद्यार्थिनी: “कधीपासून?” आई: “त्याचे पप्पा गावी गेले तेव्हापासून.” विद्यार्थिनी: “बरं. मोबाइल किती वेळ बघतो?” सुपरव्हायझरची पेन्सिल इथे थांबते. पेन्सिलवाल्या बाई रागवत नाहीत, व्याख्यानही देत नाहीत. एवढंच विचारतात: “आई ‘गावी गेले’ म्हणाल्या आणि तू मोबाइलकडे गेलीस. मधे काय झालं?” विद्यार्थिनी आधी म्हणते की मोबाइलचा प्रश्न प्रश्नावलीत होता. मग थोड्या वेळाने म्हणते की त्या रडतील असं वाटलं. मग आणखी थोड्या वेळाने: “रडल्या असत्या तर मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.” पाऊण तासाच्या संभाषणात शिकण्यासारखं जे होतं ते या तिसऱ्या वाक्यात आहे, आणि ते वाक्य त्या खोलीत, चंचुपात्रांच्या शेजारी, आईसमोर कधीच उच्चारलं गेलं नसतं.

पेन्सिल तिथे थांबली, कारण मुंबईत ‘गावी गेले’ या दोन शब्दांत काय काय मावतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कंत्राट संपलं, कंपनीने बसवलं, दारूने घर मोडलं, भाऊबंदकीची तारीख लागली, दम्याने मुंबई सोसेना, दुसरा संसार निघाला, किंवा खरोखरच भातलावणीसाठी गेले आणि गणपतीनंतर येतील. आई यातलं काय सांगत होती? विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि विचारायचं कसं, हे पुस्तकात असलं तरी ते तोंडात येत नाही. मग सुपरव्हिजनमध्ये दोघी मिळून ते वाक्य घडवतात. “का गेले?” हे चौकशीसारखं वाटतं. “बाबा नसल्याचा मुलावर परिणाम झाला असेल ना?” यात उत्तर आधीच भरलं आहे. शेवटी सापडतं ते फार साधं असतं: “पप्पा गावी गेले म्हणालात...” इतकं म्हणून थांबायचं. पण ते थांबणं, समोरची बाई पदराला हात लावेपर्यंत स्वतःच्या अस्वस्थतेला आवरून धरणं, हेच कौशल्य. विद्यार्थिनी ते खुर्च्या बदलून दोनदा करून बघते. पहिल्यांदा तीन सेकंदांत बोलून जाते, दुसऱ्यांदा थांबते. पुढच्या गुरुवारी शाळेत जाताना तिच्यापाशी सिद्धान्त तेवढाच असतो. हातात मात्र एक जास्तीचं वाक्य असतं आणि त्यापुढच्या शांततेची सवय.

“हे अनुभवाने येतंच,” असं यावर सांगितलं जाईल. येत नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ रुग्णांची कित्येक वर्षांची माहिती तपासली. वर्षं आणि केसेस वाढल्या तसे रुग्णांना मिळणारे परिणाम सुधारायला हवे होते. सरासरीने ते किंचित घसरलेले दिसले. काही थेरपिस्ट सुधारले हे खरं, अर्ध्यावर सोडून जाणारे रुग्ण अनुभवाबरोबर कमी झाले हेही खरं, पण निव्वळ खुर्चीत बसून वर्षं काढण्याने हात आपोआप बसतो ही आपली समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याच वर्षी त्याच अभ्यासकाने कॅनडातल्या एका समुपदेशन केंद्राची माहिती मांडली. तिथे प्रत्येक सेशनचा परिणाम मोजायचा, तो थेरपिस्टला दाखवायचा, अडलेल्या केसेस काढून त्यावर सराव करायचा असा शिरस्ता होता, आणि तिथले थेरपिस्ट वर्षागणिक सुधारत गेले. कारण उघड आहे. सुताराचा सांधा बसला नाही तर दार लागत नाही, त्याला लगेच कळतं. समुपदेशकाची चूक झाली तर क्लायंट “बरं वाटलं मॅडम” म्हणतो, घरी जातो, पुन्हा येत नाही; आणि न आलेला माणूस ‘बरा झाला असेल’ या खात्यात जमा होतो. ज्या धंद्यात चूक स्वतःहून बोलत नाही, तिथे ती दाखवणारं माणूस शेजारी असावंच लागतं.

शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचंही तेच. विल्यम मिलर हे ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या समुपदेशन-पद्धतीचे जनक, म्हणजे आपली पद्धत कार्यशाळेतून पसरावी असं ज्याला मनापासून वाटेल असा माणूस. २००४ साली त्यांच्या गटाने १४० परवानाधारक व्यावसायिकांवर प्रयोग केला. काहींना नुसती कार्यशाळा दिली; काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या सेशनच्या ध्वनिमुद्रणावर अभिप्राय दिला, काहींना फोनवरून मार्गदर्शन, काहींना दोन्ही. चार महिन्यांनी नुसत्या कार्यशाळेवाल्यांची कमाई बरीचशी ओसरली होती. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांची टिकली. हे लोक आधीच शिकलेसवरलेले, परवाना असलेले होते. कोऱ्या विद्यार्थ्याला दोन दिवसांत तयार करू म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

आता गोव्याकडे वळतो, कारण तास कमी करा म्हणणाऱ्यांचं ते हुकमाचं पान आहे. ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला; त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा ते आठ भेटींचा साधा उपचार देणाऱ्यांपाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती. ती सामान्य शिकलेली, गावातली माणसं होती. रुग्णांना फायदा झाला. बघा, म्हणतात, पदवी नको, फील्डवर्क नको, सुपरव्हिजन नको! पण हे गोव्याचं अर्धंच वाचन. वर्गातलं प्रशिक्षण तिथे काही आठवड्यांतच आटोपलं, कबूल. पण त्यानंतर कित्येक महिने देखरेखीखालची इंटर्नशिप होती आणि त्यात पात्र ठरलेल्यांनाच अभ्यासात घेतलं. पुढे दर आठवड्याला गट बसायचा, कुणाच्या तरी सेशनचं ध्वनिमुद्रण लावायचा आणि ठरलेल्या मापपट्टीवर त्याला गुण द्यायचा. २०१४ साली याच कामातून आणखी एक निष्कर्ष निघाला: सरावानंतर या समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. म्हणजे गोव्याने पदवी गाळून दाखवली, सुपरव्हिजन मात्र आपल्या बहुतेक एम.ए. अभ्यासक्रमांहून घट्ट ठेवली. गोव्याचा दाखला देऊन सुपरव्हिजन कापणारा माणूस ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडतो आहे.

माझ्या बाजूचा पुरावाही निर्मळ नाही, आणि जाणत्या विरोधकाने ते दाखवलंच पाहिजे. २०१६ सालच्या एका अभ्यासात २३ सुपरव्हायझर, १७५ शिकाऊ थेरपिस्ट आणि साडेसहा हजार क्लायंट होते. सुपरव्हायझर कोण आहे याने क्लायंटच्या परिणामात एक टक्काही फरक पडला नाही. मोठा दणका आहे हा. पण प्रश्न काय विचारला होता ते बघा. अमुक सुपरव्हायझर की तमुक, असा तो होता. सुपरव्हिजन की काहीच नाही, असा नव्हता. तो दुसरा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या बॅम्बलिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली नैराश्याच्या १२७ क्लायंटवर विचारला होता, आणि ज्यांच्या थेरपिस्टना सुपरव्हिजन मिळत होती त्यांची लक्षणं जास्त उतरली, थेरपिस्टशी नातंही जास्त पक्कं जमलं. पहिल्या अभ्यासातून मी वेगळाच धडा घेतो: सुपरव्हायझर आणि सुपरव्हायझर यांत फरक दिसत नसेल, तर सगळेच मिळून तेच काम अर्धवट करत नसतील ना? विद्यार्थी येऊन सांगतो, “केस बरी चाललीय, आई कोऑपरेटिव्ह आहे,” आणि सुपरव्हायझर त्या सांगण्यावर सल्ला देतो. सेशन कुणी पाहिलेलं नसतं. पाहिली जाते ती विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट, आणि त्या गोष्टीतून मोबाइलचा प्रश्न कधीच गळून गेलेला असतो.

म्हणूनच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी ओहायोत काय केलं ते आठवावं. १९४०च्या सुमारास, ध्वनिमुद्रण म्हणजे जड तबकड्या आणि त्याहून जड यंत्रं असताना, त्यांनी सेशन्स मुद्रित करायला घेतली, आणि १९४२च्या पुस्तकात एका केसची सगळी संभाषणं शब्दशः छापली. बंद दाराआडचं काम उजेडात आणून तपासायचं, ही त्यातली हिंमत होती. आपल्याकडेही हे परकं नाही. १९३६ साली नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी देशातली समाजकार्याची पहिली शाळा उभी केली (आज देवनारला आहे ती टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ती वस्तीतल्याच इमारतीत. दुसऱ्या वर्षी बालमार्गदर्शन केंद्र निघालं. मुंबईतल्या समाजकार्याच्या महाविद्यालयांत आजही आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क, त्याचं लेखी रेकॉर्डिंग आणि मग ‘आयसी’, म्हणजे फील्डवर्क सुपरव्हायझरशी एकेकट्याची बैठक, असा क्रम असतो. समुपदेशनाचे नवे अभ्यासक्रम मानसशास्त्राच्या विभागांतून निघाले आणि शेजारच्या शाळेची ही शिस्त घ्यायला बरेच जण विसरले. कुणी म्हणेल, कि. मो. फडक्यांना कुणी सुपरव्हाइझ केलं? मुंबईत बसून त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला आणि मराठीत रुजवला. खरं आहे, पण त्यांचा त्या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. समुद्रापलीकडून टपालाने येणाऱ्या उत्तराची वाट बघत ज्याने शिक्षण केलं, त्याच्या नावाने ‘मार्गदर्शक कशाला हवा’ म्हणणं शोभत नाही.

आता एक गोष्ट अशी, जी दोन्ही बाजूंच्या चर्चेत येत नाही आणि विक्रोळीत तर रोज पायाखाली येते. सेशन मराठीत होतं, रिपोर्ट इंग्रजीत लिहिला जातो. आई म्हणते, “जीव घाबरा होतो, कसंतरीच होतं, कशात मन लागत नाही.” रिपोर्टात ‘अ‍ॅंग्झायटी’ येते. आजी म्हणते, “बाहेरचं असेल काही.” रिपोर्टात ‘लो अवेअरनेस’ येतं. “पप्पा गावी गेले” याचं ‘फादर अ‍ॅब्सेंट’ होतं, आणि एकदा ते झालं की पेन्सिल थांबायला जागाच उरत नाही, कारण ‘फादर अ‍ॅब्सेंट’ हे वाक्य पूर्ण आहे. त्यात विचारण्यासारखं काही नाही. भाषांतर करताना विद्यार्थी निदान करून मोकळा होतो आणि सुपरव्हायझरसमोर निदानच येतं, बोलणं येत नाही. शिवाय विद्यार्थ्याचं स्वतःचं वाक्यही लपतं. “तुम्हाला कसं वाटतं?” हा इंग्रजीतून उचललेला प्रश्न मराठी आईला परीक्षेतल्यासारखा वाटतो, ती “काय वाटणार, ठीक आहे” म्हणते. “मग रात्री झोप लागते का?” असं विचारलं की तासभर बोलते. हा फरक इंग्रजी रिपोर्टात उमटूच शकत नाही. मराठी वस्तीतलं फील्डवर्क असेल तर व्हर्बेटिम मराठीतच लिहावं, अडलं तर सुपरव्हायझरने मराठी शिकावं, आणि परीक्षकाला इंग्रजी हवंच असेल तर शेवटी एक पान सारांश द्यावा. याला पैसा लागत नाही. लाज सोडावी लागते, एवढंच.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र पैशाचा किंवा पुराव्याचा नाही, न्यायाचा आहे. विद्यार्थ्यांनी हात बसवायचा तो पार्कसाइटच्या उतारावरच्या घरांतल्या माणसांवर, आणि हात बसल्यावर दवाखाना थाटायचा पवईला. गरिबाचं मन म्हणजे सरावाची पाटी का? या आक्षेपापुढे मी मान खाली घालतो. तो खोडून काढता येत नाही, त्याला जागायचं असतं. पण सुपरव्हिजन कमी केल्याने तो हलका होतो की जड? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. एलबीएस मार्गावर शिकाऊ माणसाला स्टिअरिंग देता येतं ते त्या दुसऱ्या ब्रेकच्या भरवशावर. ब्रेक काढा, आणि मग तो खरोखर रस्त्यावरच्या माणसांवर केलेला प्रयोग होतो. प्रमाणपत्रवाल्या घाईत नेमकं हेच घडणार आहे: विद्यार्थी तोच, वस्ती तीच, शेजारची सीट तेवढी रिकामी. शिवाय वस्तीचं काही देणं लागतो म्हणून तीन गोष्टी आवश्यक धरतो. आपण शिकाऊ आहोत हे पहिल्याच भेटीत सांगायचं, आणि माझ्या कामावर एक बाई लक्ष ठेवतात हेही सांगायचं. ध्वनिमुद्रण करायचं तर विचारून. नको म्हणाले तर नको, मग आठवणीतून व्हर्बेटिम, ज्यात जे आठवत नाही तेही बोलकं असतं. आणि वर्षभर तीच जागा. जुलै २०२१ मध्ये सूर्यनगरात दरड घरांवर कोसळून माणसं गेली. अशा प्रसंगानंतर दोन दिवसांचं शिबिर घेणारे पुष्कळ मिळतात, पण पुढच्या पावसाळ्याचे ढग आल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो त्याला तेव्हा भेटणारं माणूस लागतं. महिन्या-महिन्याचे तुकडे जोडून भरलेल्या तासांतून ते मिळत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, ज्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तो जितका अवघड सांगितला जातो तितका नाही. अमेरिकेत समुपदेशनाच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मिळून ७०० तासांचं फील्डवर्क लागतं, त्यातले २८० प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचे, आणि शिवाय दर आठवड्याला किमान तासभर सुपरव्हिजन. आपण ७०० चे ३०० करा, माझी हरकत नाही. पण आठवड्याची ती बैठक कापू नका. एका सुपरव्हायझरकडे चार विद्यार्थी, आठवड्याला दोन तास, प्रत्येकाचं एक व्हर्बेटिम अर्धा तास. बाकीचे तिघे गोव्याप्रमाणे गुण देणार. विक्रोळी-घाटकोपरमधल्या आठ शाळांना असे दोन गट पुरतात. व्याख्यानाचा तास शिक्षकाच्या कामात मोजला जातो तसा हा तासही मोजा आणि त्याचे पैसे सुपरव्हायझरला द्या. विद्यार्थ्याच्या खिशातून वेगळी फी उकळू नका. आणि ज्यांना हे दोन तासही जड वाटतात त्यांना एवढंच विचारतो की एमबीबीएसची इंटर्नशिप, सीएची आर्टिकलशिप यांतलं काय ते अशाच टंचाईच्या नावाखाली रद्द करायला तयार आहेत?

कायद्याने तर इथे मोकळं रान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ज्यांना ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणतो त्यांत समुपदेशक नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नजर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टवर आहे. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने अनुसूचीत समुपदेशकाला जागा दिली, पण अनुसूचीतली जागा आणि शाळेतली खुर्ची यांत अजून बरंच अंतर आहे. तोवर नेमणूक मुख्याध्यापकांच्या हाती, आणि त्यांच्यापुढे येणार प्रमाणपत्रांचा गठ्ठा. त्यांनी उमेदवाराला एकच विचारावं: तुमची सेशन्स कुणी वाचली, किती, आणि त्यातलं कोणतं वाक्य त्यांनी खोडलं? ज्याने ही बैठक खरोखर केली आहे त्याला ते वाक्य तोंडपाठ असतं. ज्याने केली नाही तो तासांचा आकडा सांगतो.

आणि त्या नववीतल्या मुलाचं काय? एप्रिलमध्ये विद्यार्थिनीचं वर्ष संपेल, जूनमध्ये एम.ए.चा नवा विद्यार्थी त्या खोलीत येऊन बसेल. त्याला फाइल मिळेल. त्या फायलीत ‘फादर अ‍ॅब्सेंट, फॉलो-अप अ‍ॅडव्हाइज्ड’ एवढंच असेल तर तो आईला बोलावून पहिल्यापासून विचारेल, आणि ती पुन्हा म्हणेल, “तसं काही नाही हो सर.” पण फायलीत तिचे शब्द तसेच उतरवलेले असतील, त्याखाली “मी इथे मोबाइलकडे वळले” अशी कबुली असेल, आणि त्यापुढे २१ नोव्हेंबरच्या भेटीत थांबल्यावर ती काय बोलली ते असेल, तर त्या नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी दाराला कडी लावून घेण्यापासून सुरुवात करता येईल.